इंग्रजीतील शैक्षणिक लेखनावर अभिप्राय: सहाध्यायाला काय विचारावे आणि यंत्राला काय

इंग्रजी ही ज्यांची पहिली भाषा नाही, अशा विद्यार्थ्यांना निबंध, प्रकल्प-अहवाल किंवा प्रबंध इंग्रजीत लिहावा लागतो, तेव्हा मसुद्याला लक्षपूर्वक वाचणारा वाचक मिळणे हीच त्यांची मोठी अडचण असते. शिक्षक एक आणि विद्यार्थी अनेक असतात. मसुदा तपासून परत येईपर्यंत लिहिणाऱ्याचे मन दुसऱ्या कामात गुंतलेले असते. ही उणीव भरून काढण्याचे दोन मार्ग आज सहज उपलब्ध आहेत. बरोबरीच्या विद्यार्थ्याने मसुदा वाचून मत देणे हा एक, आणि संगणकीय प्रणालीने चुका दाखवणे हा दुसरा. या दोहोंत सरस कोणता, असे वारंवार विचारले जाते. माझ्या मते त्या प्रश्नाची मांडणीच सदोष आहे. सहाध्यायी आणि यंत्र एकाच मसुद्यात वेगवेगळ्या गोष्टी पाहतात. म्हणून कोणाला काय विचारायचे, कोणाकडे आधी जायचे आणि मिळालेल्या सूचनेवर निर्णय कोणी घ्यायचा, हे ठरवणे महत्त्वाचे. पुढील मार्गदर्शन मुख्यतः लिहिणाऱ्या विद्यार्थ्यासाठी आहे; शिक्षकांनाही त्यातील क्रम वर्गात वापरता येईल.

यंत्राला काय दिसते आणि काय दिसत नाही

निबंध संगणकाकडून तपासून घेण्याची कल्पना नवी नाही. अमेरिकेतील एलिस पेज यांनी ती १९६६ मध्ये मांडली आणि ‘प्रोजेक्ट एसे ग्रेड’ ही प्रणाली विकसित केली. त्या प्रणालीला निबंधाचा अर्थ कळत नव्हता. निबंधाची व शब्दांची लांबी, विरामचिन्हे अशा मोजता येणाऱ्या खुणांवरून परीक्षक किती गुण देईल, याचा ती अंदाज बांधत असे. १९९९ मध्ये व्यवस्थापन अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या जीमॅट परीक्षेतील निबंधांसाठी ‘ई-रेटर’ ही प्रणाली मानवी परीक्षकाच्या जोडीने वापरात आली. पुढे भाषेच्या चुका दाखवणारी ‘ग्रामर्ली’सारखी साधने आली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘चॅटजीपीटी’ सर्वांसाठी खुले झाले. ही साधने आता पहिल्यापेक्षा कितीतरी सक्षम आहेत, तरी मूळ मर्यादा विसरून चालणार नाही. एमआयटीतील लेस पेरेलमन यांनी २०१४ मध्ये काही विद्यार्थ्यांसह ‘बॅबेल’ नावाचा प्रोग्राम तयार केला. एक ते तीन शब्द दिले की तो भारदस्त शब्दांनी भरलेला, पण पूर्णपणे निरर्थक निबंध रचत असे, आणि गुण देणाऱ्या प्रणाली अशा निबंधांना उत्तम गुण देत असत. मजकूर शैक्षणिक वाटणे आणि त्यात विचार असणे या दोन वेगळ्या बाबी आहेत, हे त्यातून स्पष्ट झाले.

चुका शोधणारी साधने स्पेलिंग, क्रियापदाचा कर्त्याशी मेळ, सुटलेले विरामचिन्ह, अपूर्ण वाक्य या गोष्टी चांगल्या पकडतात, न थकता पकडतात आणि क्षणात पकडतात. हा लाभ मोठा आहे आणि तो नाकारण्याचे काहीच कारण नाही. मात्र अशी साधने घडवताना एक निवड करावी लागते: सर्व चुका पकडण्याच्या प्रयत्नात बरोबर वाक्यांनाही चूक म्हणायचे, की खात्री असेल तेव्हाच बोलायचे. बरोबर वाक्याला चूक ठरवले तर विद्यार्थ्याचा गोंधळ उडतो, म्हणून अनेक रचनाकार दुसरा पर्याय पसंत करतात. याचा अर्थ असा, की एखाद्या परिच्छेदाखाली एकही लाल रेघ नसली तरी तो परिच्छेद निर्दोष आहे असे सिद्ध होत नाही.

आर्टिकलचे उदाहरण घेऊ. मराठी, रशियन, चिनी अशा ज्या भाषांत आर्टिकल नाही, त्या बोलणाऱ्यांना ‘अ टेस्ट’ लिहावे की ‘द टेस्ट’ हा प्रश्न वर्षानुवर्षे छळतो. त्याचे उत्तर अनेकदा त्या वाक्यात नसतेच. ती चाचणी आधी कुठे सांगितली आहे का आणि वाचकाला ती माहीत आहे असे लेखक धरून चालला आहे का, यावर ते ठरते. केवळ वाक्यापुरते पाहणारे साधन येथे चाचपडते. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. ‘मे’, ‘सजेस्ट्स’, ‘इट अपिअर्स दॅट’ यांसारखे दाव्याची धार कमी करणारे शब्द शैक्षणिक लेखनात हेतुपूर्वक येतात. पुरावा जेवढा, तेवढाच दावा करण्याची ती रीत आहे. वाक्य आटोपशीर करण्याच्या सूचनेत हेच शब्द गाळले जाण्याचा धोका असतो. संशोधनपद्धतीच्या भागातील कर्मणी प्रयोगाखालीही अशीच रेघ ओढली जाते, आणि संख्याशास्त्रीय अर्थाने वापरलेल्या ‘सिग्निफिकंट’ऐवजी ‘इम्पॉर्टंट’ सुचवले गेले तर वाक्याचा अर्थच बदलतो.

सहाध्यायी काय देऊ शकतो

बरोबरीच्या विद्यार्थ्याचे इंग्रजीही कच्चेच, मग त्याच्या मताला काय किंमत, ही शंका रास्त आहे. व्याकरणाच्या बाबतीत ती बहुतांशी खरीही आहे: सहाध्यायी कधी बरोबर शब्दरचना बदलून चुकीची करतो. परंतु लेखक काय सांगू पाहतो आहे हे मला कळले का, कुठे धागा सुटला, कोणत्या दाव्यावर विश्वास बसला नाही, हे तो सांगू शकतो आणि त्यासाठी व्याकरणाचा पंडित असण्याची गरज नसते. यांग, बॅजर आणि यू यांनी २००६ मध्ये चीनमधील विद्यार्थ्यांच्या दोन वर्गांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका वर्गाला शिक्षकांचा, तर दुसऱ्याला सहाध्यायांचा अभिप्राय मिळाला होता. विद्यार्थ्यांनी शिक्षकांच्या सूचना अधिक प्रमाणात स्वीकारल्या आणि त्यातून लेखनही अधिक सुधारले. मात्र सहाध्यायांच्या अभिप्रायानंतर झालेल्या बदलांत अर्थ बदलणाऱ्या सुधारणांचे प्रमाण मोठे होते आणि विद्यार्थ्यांची स्वतः निर्णय घेण्याची वृत्तीही अधिक दिसली.

याहून महत्त्वाचा निष्कर्ष क्रिस्टी लुंडस्ट्रॉम आणि वेंडी बेकर यांच्या २००९ मधील अभ्यासातून पुढे आला. त्यांनी विद्यार्थ्यांचे दोन गट केले. एका गटाने दुसऱ्यांच्या निबंधांवर अभिप्राय देण्याचा सराव केला, पण स्वतः अभिप्राय घेतला नाही; दुसऱ्या गटाने मिळालेला अभिप्राय वापरून सुधारणा करण्याचा सराव केला, पण स्वतः अभिप्राय दिला नाही. सत्राअखेर अभिप्राय देणाऱ्यांच्या स्वतःच्या लेखनात अधिक प्रगती दिसली, आणि तीही विशेषतः इंग्रजीची पातळी कमी असलेल्या विद्यार्थ्यांत. या निष्कर्षाचे महत्त्व जितके सांगावे तितके थोडे आहे. दुसऱ्याच्या मसुद्यात पुराव्याविना केलेला दावा शोधताना जी दृष्टी तयार होते, ती आपल्या मसुद्याकडे वळवता येते. आपला मसुदा यंत्राला दिला तर सूचना मिळतात, परंतु दुसऱ्याचे लेखन पारखण्याचा हा सराव मिळत नाही. म्हणून सहाध्यायांचे अभिप्राय फारसे उपयोगी पडले नाहीत, तरी त्यांच्या मसुद्यांवर अभिप्राय देणे सोडू नये.

कोणाकडे आधी जावे

अनेक जण मसुदा पूर्ण होताच तो यंत्रातून काढतात, सर्व सूचना स्वीकारतात आणि मग तो वाचायला देतात. हा क्रम टाळावा. वाक्ये एकदा गुळगुळीत झाली की ती कापण्याचे मन होत नाही, आणि युक्तिवादाच्या दृष्टीने अनावश्यक असलेला परिच्छेद केवळ चांगला वाचला जातो म्हणून राहून जातो. शिवाय वाचणाराही सफाईदार भाषेला भुलतो आणि ‘छान लिहिले आहे’ एवढेच म्हणून थांबतो. दुसऱ्या टोकाला, ओळीओळीत स्पेलिंगच्या चुका असलेला मसुदा दिला, तर वाचणारा त्या चुकांतच अडकतो. यावर मधला मार्ग आहे. प्रथम केवळ स्पेलिंग तपासावे, अन्य कोणत्याही सूचनेला हात लावू नये. मग मसुदा सहाध्यायाकडे द्यावा. त्याच्या मतानुसार रचना, युक्तिवाद आणि पुरावे यांची फेरमांडणी करावी. भाषेची बारकाईची तपासणी यंत्राकडून त्यानंतर करून घ्यावी आणि शेवटचे वाचन स्वतः, शक्य तर मोठ्याने, करावे.

मसुदा देताना आणि वाचताना

‘जरा बघ ना’ असे म्हणून मसुदा दिला तर उत्तरही तितकेच मोघम येते. मसुद्यासोबत चार-पाच ओळींची टीप जोडावी. त्यात आपला मुख्य दावा एका वाक्यात लिहावा, लेखन कोणासाठी आहे ते सांगावे, आपल्याला खटकणाऱ्या एक-दोन जागा दाखवाव्यात आणि कशाकडे सध्या दुर्लक्ष करावे तेही नोंदवावे. मुख्य दावा एका वाक्यात लिहिता येत नसेल, तर मसुदा अजून दाखवण्याजोगा झालेला नाही असे समजावे. ही टीप लिहिताना लेखकाला स्वतःलाच बरेच काही उमगते. वाचक निवडताना शक्य असल्यास एक आपल्या विषयातला आणि एक विषयाबाहेरचा घ्यावा. पहिला संकल्पनांचा चुकीचा वापर पकडतो, दुसरा न सांगताच गृहीत धरलेल्या गोष्टी.

वाचणाऱ्याने पहिले वाचन हातात पेन न घेता, न थांबता करावे. दुसऱ्या वाचनात प्रत्येक परिच्छेदाच्या कडेला ‘या परिच्छेदातून मला हे समजले’ असे एक वाक्य लिहावे. हा साधा उपाय फार परिणामकारक आहे, कारण लेखकाला अभिप्रेत असलेला अर्थ आणि वाचकापर्यंत पोचलेला अर्थ यांतील अंतर त्यातून ताबडतोब उघड होते. प्रस्तावनेसाठी जॉन स्वेल्स यांनी १९९० मध्ये मांडलेली रचना हाताशी ठेवावी: प्रथम विषयाचे क्षेत्र आणि त्याचे महत्त्व, मग आजवरच्या कामातील उणीव, आणि त्यानंतर आपला अभ्यास ती उणीव कशी भरून काढतो. नवोदितांच्या प्रस्तावनेत मधला टप्पा वारंवार गळतो, आणि तो गळला आहे हे शोधायला फार इंग्रजी लागत नाही.

अभिप्राय कसा द्यायचा हे शिकवावे लागते. नुसत्या जोड्या लावून भागत नाही. तैवानमधील हुई-त्झू मिन यांनी आपल्या विद्यार्थ्यांना चार पायऱ्यांचे प्रशिक्षण दिले: लेखकाचा हेतू विचारून घेणे, अडचण दाखवणे, ती अडचण का आहे हे समजावणे आणि मग सूचना करणे. २००५ आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासांत प्रशिक्षणानंतर अभिप्राय अधिक नेमके झाले आणि लेखकांनी ते अधिक प्रमाणात वापरले. समजा, मसुद्यात ऑनलाइन वर्ग वाढले आणि ‘देअरफोर’ विद्यार्थ्यांचे गुण घटले, असे वाक्य आहे. वाचणारा प्रथम विचारील, ‘ऑनलाइन वर्गांमुळे गुण घटले असे तुला म्हणायचे आहे, की दोन्ही गोष्टी एकाच काळात घडल्या एवढेच?’ नंतर तो दाखवील, की ‘देअरफोर’मुळे वाचक कारण आणि परिणाम असे नाते धरतो. मग तो सांगेल, की तक्त्यात केवळ दोन वर्षांचे गुण आहेत, कारण दाखवणारे काहीच नाही. शेवटी तो सुचवील, ‘एक तर कारणाचा आधार दे, नाही तर दोन्ही घटना सोबत घडल्या एवढेच लिही.’ व्याकरणदृष्ट्या त्या वाक्यात काहीही चूक नाही, म्हणून केवळ भाषा तपासणारे साधन त्याखाली रेघ ओढणार नाही.

संकोच हा येथील मोठा अडथळा आहे. जोन कार्सन आणि गेल नेल्सन यांच्या १९९६ मधील अभ्यासात चिनी भाषक विद्यार्थी गटातील सलोखा बिघडू नये म्हणून टीका करण्याचे टाळतात असे आढळले. ही वृत्ती एकाच समाजाची मक्तेदारी नाही. त्यावर उपाय म्हणजे मत लेखकाविषयी न देता वाचनाविषयी देणे. ‘तुझा हा परिच्छेद कमकुवत आहे’ याऐवजी ‘येथे मी दोनदा मागे जाऊन वाचले, तरी हे उदाहरण कशासाठी आहे ते मला कळले नाही’ असे म्हणावे. चर्चा दोघांना सोयीच्या भाषेत करावी. इंग्रजी लेखनावर इंग्रजीतच बोलण्याचा आग्रह धरला, तर शब्द सापडत नाहीत म्हणून विचारच आखूड होतात. लेखकाने ऐकताना समर्थन करीत बसू नये. वाचकाला जे समजावून सांगावे लागते आहे, ते मसुद्यात लिहिलेले नाही एवढी नोंद घ्यावी.

मिळालेल्या सूचनांचे काय करावे

प्रत्येक सूचना पाळणे बंधनकारक नाही. सूचना तीन प्रकारांत विभागाव्यात: स्वीकारलेल्या, कारण देऊन नाकारलेल्या आणि शिक्षकांना विचारायच्या. नाकारताना कारण लिहिण्याची सवय लावून घ्यावी, कारण ते कारण लिहिता आले नाही, तर नकार बहुधा आळसातून किंवा दुखावल्यामुळे आलेला असतो. एक बाब विशेष ध्यानात ठेवावी. दोन वाचक एकाच जागी अडखळले, तर त्यांनी सुचवलेले दोन्ही उपाय चुकीचे असले तरी ती जागा पुन्हा लिहावीच. वाचकाला दुखणे बरोबर कळते. औषध कोणते, हे ठरवण्याचे काम लेखकाचे आहे.

यंत्राकडे जाताना

युक्तिवाद स्थिर झाल्यावर भाषा तपासणारे साधन उघडावे. ‘सर्व स्वीकारा’ हे बटण कधीही दाबू नये. एका वेळी एकच प्रकार घ्यावा: एका फेरीत केवळ आर्टिकल, दुसऱ्या फेरीत क्रियापदांचे काळ, तिसऱ्या फेरीत प्रिपोझिशन. प्रत्येक सूचनेपुढे थांबून तीन गोष्टी तपासाव्यात. अर्थ बदलतो का, दाव्याचे बळ वाढते किंवा घटते का, आणि हा शब्द आपल्या विषयातील पारिभाषिक शब्द आहे का. दुसऱ्या लेखकाच्या अवतरणातील शब्द तर कोणत्याही परिस्थितीत बदलू नयेत. शंका आली तर विद्यार्थ्यांसाठी तयार केलेला शब्दकोश पाहावा किंवा समकालीन अमेरिकन इंग्रजीचा ‘कोका’ हा संग्रह चाळावा. १०० कोटींहून अधिक शब्दांच्या त्या संग्रहात एखादे क्रियापद प्रत्यक्षात कोणत्या प्रिपोझिशनसह येते हे पाहता येते, आणि शैक्षणिक लेखनाचा विभागही वेगळा शोधता येतो.

संवाद साधणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांबाबत अधिक दक्षता हवी. ‘हे सुधारून दे’ असे सांगितले की मजकूर सफाईदार होतो, पण तो लेखकाचा राहत नाही आणि त्यातून शिकायला फारसे काही उरत नाही. त्याऐवजी चुकीची जागा दाखव पण दुरुस्ती करू नको, असे स्पष्ट सांगावे. प्रत्येक परिच्छेदाचा मुख्य दावा एका वाक्यात लिहून मागावा आणि सहाध्यायाने कडेला लिहिलेल्या वाक्याशी तो ताडून पाहावा. दोघांची वाक्ये जुळत नसतील, तर तो परिच्छेद संदिग्ध आहे असे मानण्यास जागा आहे. कोणत्या वाक्यांतील दावा पुराव्यापेक्षा मोठा आहे, हेही विचारावे. एकच प्रश्न दोनदा विचारला तर उत्तर वेगळे येऊ शकते, आणि आपण नाराजी दाखवली की हे साधन पुष्कळदा आपलेच म्हणणे मान्य करते, म्हणून त्याच्या स्तुतीला फारसे महत्त्व देऊ नये. त्याने सुचवलेले संदर्भग्रंथ आणि लेख प्रत्यक्ष शोधून वाचल्याशिवाय मसुद्यात घालू नयेत, कारण अस्तित्वातच नसलेले संदर्भ ही साधने खऱ्यासारखे रचू शकतात.

जॉन ट्रस्कॉट यांनी १९९६ मध्ये व्याकरणाच्या चुका दुरुस्त करून देणे निरुपयोगी, किंबहुना अपायकारक आहे, असे प्रतिपादन केले. १९९९ मध्ये डेना फेरिस यांनी त्याला उत्तर दिले आणि तो वाद दीर्घकाळ चालला. त्या वादात कोणाची बाजू घ्यावी हे बाजूला ठेवले, तरी एवढे मान्य करावे लागते, की आयती दुरुस्ती स्वीकारल्याने ती चूक पुढच्या लेखनात टळेलच असे नाही. म्हणून एक वही ठेवावी. यंत्राने वा सहाध्यायाने दाखवलेली चूक दुसऱ्यांदा आली, की त्या वहीत मूळ वाक्य, दुरुस्त वाक्य आणि आपल्या शब्दांत कारण लिहावे. पुढचा मसुदा यंत्राला देण्यापूर्वी या वहीनुसार स्वतः तपासावा आणि मग यंत्राला नव्याने काय सापडते ते पाहावे.

नियम, गोपनीयता आणि जुने मसुदे

कोणते साधन वापरण्यास परवानगी आहे, हे आपल्या संस्थेच्या आणि विभागाच्या नियमांत आधीच पाहून घ्यावे. अनेक प्रकाशक आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापराची स्पष्ट नोंद मागतात. मुलाखती देणाऱ्यांची नावे, रुग्णांची माहिती, अप्रकाशित आकडेवारी किंवा विश्वासाने वाचायला मिळालेला सहाध्यायाचा मसुदा परवानगीशिवाय कोणत्याही ऑनलाइन साधनात टाकू नये.

मसुद्यांच्या सर्व आवृत्त्या, सहाध्यायांच्या टिपा आणि नाकारलेल्या सूचनांची कारणे जपून ठेवावीत. यामागे एक ठोस कारण आहे. यंत्राने लिहिलेला मजकूर ओळखण्याचा दावा करणाऱ्या साधनांची स्टॅनफर्डमधील संशोधकांनी चाचणी घेतली, तिचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेल्या ९१ निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून अधिक निबंध त्या साधनांनी यंत्राचे ठरवले. साधी वाक्यरचना आणि मर्यादित शब्दसंग्रह यांमुळे हे घडते, आणि हीच शिकाऊ लेखकाच्या भाषेची लक्षणे असतात. असा आरोप आला, तर लेखन टप्प्याटप्प्याने कसे घडले हे दाखवणाऱ्या तारीखवार आवृत्त्या शिक्षकांपुढे ठेवता येतात. त्यासाठी प्रत्येक फेरीनंतर फाइल नव्या नावाने, तारखेसह साठवावी आणि जुनी फाइल पुसू नये.